टपावरची ओली चादर

दुकानातला तो माणूस पहिल्यापासून यांच्याकडंच बघून बोलत होता, तिथंच माझं डोकं फिरलं. प्रश्न मी विचारायचा, उत्तर नवऱ्याला. "काका, टॉवर असो नसो, डायरेक्ट आभाळातनं नेट येतंय बघा. डोंगरात जावा, रानात जावा, गाडीत झोपून मॅच बघा, पिक्चर बघा." मी म्हटलं, "खाली येतंय ते कळलं. वर जातंय किती?" तो हसला आणि यांना म्हणाला, "काकूंना जरा समजावून सांगा की."

हेही हसले. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या त्या दुकानात एसी चालू होता, तरी माझे कान तापले. पण उठून गेले नाही. गरज माझी होती.

आम्ही तिथं कशाला गेलो होतो ते सांगते. हे जन्मभर बसच्या वर्कशॉपात मेकॅनिक होते. गाड्या दुरुस्त करायच्या, त्या गावोगाव जायच्या, हे मात्र वर्कशॉपातच. निवृत्त झाल्यावर यांनी एक जुनी ट्रॅव्हलर घेतली, आतल्या सीटा काढून टाकल्या आणि अक्कलकोट रोडच्या एका गॅरेजात राबून स्वतःच्या हातानं आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, बॅटऱ्या असं सगळं बसवलं. या चालत्या घरातनं पार हिमाचलापर्यंत जायचं आणि सहा-आठ महिने परत यायचं नाही, असा बेत. मी शाळेचे युनिफॉर्म शिवायचं युनिट चालवायची, ते धाकट्या जावेच्या हवाली केलं. मलाही जायचं होतं. खोटं कशाला बोलू, यांच्यापेक्षा मलाच जास्त जायचं होतं. माझी अट एकच होती. रोज संध्याकाळी मला माझी लेक दिसली पाहिजे आणि तिला मी दिसले पाहिजे.

आमची लेक जन्मापासून ऐकत नाही. असं सांगितलं की कुणीतरी हमखास म्हणतं, "कुणाची ऐकती हो आजकाल?" हा विनोद मी इतक्यांदा ऐकलाय की आता हसत नाही. त्या माणसाकडं नुसती बघत राहते, मग त्याचं हसू आपोआप आवरतं. ती बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकली, पुढं कॉलेजही केलं, आता नाशकात एका कंपनीत अकाउंटचं काम करते आणि मुलींच्या हॉस्टेलवर राहते. शाळेनं तिला खुणांची भाषा शिकवली, पण आमची दोघींची भाषा त्याच्या आधीची. माझं माहेर अक्कलकोटाकडचं, आईशी मी कानडीत बोलायची. सासरी माढ्याकडची मराठी. लेकीच्या वाट्याला दोन्हीतलं काही आलं नाही, मग आम्ही तिसरी तयार केली. खांद्यावर चादर ओढली की सोलापूर. छातीजवळ दोन बोटांची कात्री चालवली की मी. हवेत पाना फिरवला की बाप.

त्या बापाला त्यातलं चार-दोनच येतं. जेव, झोप, इकडं ये, शाब्बास. बाकी सगळ्याला एकच, माझ्याकडं मान वळवून "काय म्हणती?" लेकीला बापाशी बोलायचं असलं की मध्ये मी, बापाला लेकीशी बोलायचं असलं की मध्ये मी. मी आजारी पडले की दोघं एकमेकांना नुसतं पाणी आणून देतात. लोक म्हणतात, बाप लई जीव लावतो पोरीला. लावतो की. पण मी किती वर्षं म्हणत आले, अहो, थोडं शिका, अवघड नाही. तर म्हणायचे, "तू हाईस की."

हॉस्टेलात खुणा कुणाला येत नाहीत. दिवसभर ती ऑफिसात लोकांची तोंडं वाचते. कुणी मिशीवाला, कुणी तोंडात गुटखा धरून बोलणारा, कुणी पाठ वळवून बोलणारा. संध्याकाळी फोनवर माझे हात दिसले की तिचे खांदे खाली येतात, ते मला इथं सोलापुरात बसून दिसतं. अर्धा तास आम्ही बोलतो. ऑफिसातल्या साहेबाची नक्कल, हॉस्टेलच्या पातळ वरणाची तक्रार, कुणावर चिडली, कशाला रडली, सगळं. तेवढा अर्धा तास तिला कुणाच्या तोंडाकडं बघावं लागत नाही.

धाकटा दीर म्हणाला, "मेसेज करा की, वहिनी."

मेसेज आम्ही करतोच. जेवलीस का, बस मिळाली का, एवढ्याला मेसेज पुरतो. चेहरा उतरलाय का ते मेसेजात कुठं कळतं? हे मी त्याला नीट सांगितलं. त्यावर तो म्हणतो, "सहा-आठ महिन्यांचा तर प्रश्न हाय. तेवढं बोलली न्हाय तर काय मरती का ती?" हा माणूस मोबाईल चार्जिंगला लावला तरी त्याच्या शेजारी बसून राहतो. ज्याचं जळतं त्याला कळतं. मी त्याच्या हातातला चहाचा कप काढून घेतला आणि म्हटलं, "भाऊजी, आठ दिवस तोंड बंद ठेवून दाखवा, मग बोलू." चहा बेसिनात ओतला. रात्री जावेचा फोन आला, म्हणाली, जरा दमानं घेत जा. मी दमानंच घेतलं होतं.

तर ते दुकान. टॉवर नसलेल्या डोंगरात मोबाईलचं नेट काय कामाचं, म्हणून ही नवीन निघालेली सॅटेलाइटची डिश. तिथं तीन प्रकार मांडलेले. एक घरावर बसवायची मोठी डिश, तिचा प्लॅन स्वस्त, पण तो घरच्या पत्त्याला बांधलेला, गाव सोडलं की बंद. एक पिशवीत मावेल अशी लहान, गाडी थांबली की बाहेर काढून ठेवायची. आणि एक टपावर कायमची बसवायची, चपटी, जेवायला बसायच्या पाटाएवढी. फिरत्या प्लॅनच्याही दोन तऱ्हा. एकात हवं तेवढं वापरा, पण गर्दी झाली की तुमचा नंबर शेवटी. दुसऱ्यात मोजून मिळणार, पण नंबर पहिला. घरी असताना प्लॅन बंद ठेवता येतो, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

हे मला त्या माणसानं सांगितलं नाही हां. त्यानं दिलेल्या छापील कागदाच्या मागं बारीक अक्षरात होतं, ते मी चष्मा लावून उभ्या उभ्या वाचलं. पुढच्या बाजूला नुसता खाली किती येतं त्याचा आकडा, हा एवढा ठळक. वर किती जातं ते शोधून शोधून मागच्या कोपऱ्यात सापडलं. खाली येणारं वेगळं आणि वर जाणारं वेगळं हे मला लेकीनंच शिकवलं होतं. माढ्याला एका लग्नातनं मी व्हिडिओ कॉल लावला, तर ती मला स्वच्छ दिसत होती आणि तिला माझे हात म्हणजे नुसते चौकोन दिसत होते. तेव्हापासून मला माहीत आहे. जगानं धरूनच ठेवलंय की माणसाला नुसतं बघायचं असतं. मला बघायचं होतंच, पण मला दिसायचं होतं. माझे हात वर गेले नाहीत तर मी मुकी. हे मी त्याला परत सांगितलं. तो म्हणाला, "काकू, व्हॉइस कॉल एकदम क्लिअर जातोय, गॅरंटी."

दुखणं म्हशीला अन् इंजेक्शन पखालीला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, "तुमच्या गच्चीवर लावलेल्या आहेत ना या डिशा? चला वर."

गच्चीवर पाय भाजत होते. लेकीची जेवायची सुट्टी होती, मी तिला कॉल लावला. आधी लहान डिशवर. मी बोटं दाखवायची, तिनं तीच बोटं परत दाखवायची. भराभर दाखवली की तिला कळेना, कपाळाला आठ्या. मग ती पाटाएवढी, पहिल्या नंबरचा प्लॅन लावून. मी बोटं नाचवली, कात्री चालवली, चादर ओढली, दुकानातल्या माणसाकडं बघून नाक उडवलं. तिनं सगळं जसंच्या तसं करून दाखवलं, नाकसुद्धा. मग दोन्ही हात छातीशी नेऊन विचारलं, रोज? मी म्हटलं, रोज. दुकानातला माणूस तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडं बघून बोलला, "काकू, असं कुणी तपासत न्हाय बघा."

"म्हणून तुमचं खपतंय," मी म्हटलं. हे मधल्या मध्ये जिना उतरायला लागले.

डिश टपावर बसली. लांब निघायच्या आधी एकदा मुक्काम करून बघू म्हणून आम्ही टेंभुर्णीपुढं उजनीच्या पाण्याकाठी गाडी लावली. मे महिना. तिथं बाभळी होत्या, सावली होती, पण डिशला मोकळं आभाळ लागतं म्हणून आम्ही उघड्या माळावर. त्या दिवशी सकाळीच लेकीचा मेसेज आला होता. आज सांगायचंय काहीतरी, मेसेजमध्ये नाही, समोर. एवढंच. नोकरी सुटली का, कुणी काही बोललं का, आजार तर नाही ना. मी परत मेसेज केला, काय गं? उत्तर आलं, संध्याकाळी.

आणि दुपारी डिश बंद पडली. फोनवर सूचना आली की ती फार तापलीय, गार झाल्यावर चालू होईल. टपाचा पत्रा असा तापलेला की त्यावर भाकरी भाजली असती. मी यांना म्हटलं, संध्याकाळी काही झालं तरी मला लेक दिसली पाहिजे, बाकी मला ठाऊक नाही. हे म्हणाले, "तू नगं काळजी करूस. गरम झाल्यालं गार कसं करायचं, त्यात तर जन्म गेला माझा." ते शिडी लावून वर गेले. थोड्या वेळानं डिश चालू झाली. वर काय केलं ते मी विचारलं नाही. मी भाकरी थापत होते, आणि मला वाटलं, चला, आयुष्यभराची मेकॅनिकी कामाला आली.

सूर्य खाली गेला तशी मी तोंड धुतलं, गडद निळी साडी नेसले, कारण मागं गडद असलं की हात उठून दिसतात. फोन स्टँडला लावला. ती आली. स्वच्छ, कानातले डूलसुद्धा दिसत होते. मी हात वर केला तेवढ्यात हे दारातनं आत आले, हातात बादली, पाणी सांडत, नेमके माझ्या आणि दिव्याच्या मध्ये. मी मान वळवून डोळे वटारले. बाजूला व्हा की, एवढंच म्हटलं. हे झाले बाजूला.

लेक सांगायला लागली. तिच्या शाळेतला एक मुलगा, वरच्या वर्गातला. मला आठवत होता. चित्रं काढायचा, तोही ऐकत नाही. पुण्यात छापखान्यात आहे. दोघं वर्षभर असेच संध्याकाळी बोलतात, माझ्यानंतर. त्यानं विचारलंय. तिनं अजून हो म्हटलेलं नाही. आधी तुला विचारते, ती म्हणाली. मध्ये मध्ये ती कानातला डूल चिमटीत धरून फिरवत होती आणि मला ते फिरणंसुद्धा दिसत होतं, एवढं सुंदर नेट. मी काय करू, आई? तू सांग.

मी सांगितलं की. अगं हो म्हण, मी म्हटलं. त्याला घेऊन ये, त्याची आई कशी आहे, एवढे दिवस लपवलंस होय, गाढवे. मी हसत होते, डोळे पुसत होते, माझे हात थांबत नव्हते. आणि ती नुसती बघत होती. हसली नाही. आई, ती म्हणाली. आई, बोल ना. मी बोलतच होते. मग ती म्हणाली, रागावलीस? आणि तिनं माझं तोंड करून दाखवलं. आठ्या, वटारलेले डोळे, आवळलेले ओठ.

तेव्हा मला कळलं. तिच्या फोनवर माझं चित्र अडकलं होतं. यांच्यावर डोळे वटारले होते, तिथंच. तिनं आपलं सगळं मन त्या वटारलेल्या तोंडापुढं मोकळं केलं होतं. माझं उत्तर गेलंच नाही, माझा राग तेवढा पोचला होता. मी दोन्ही हात हलवले, नाही नाही, मी वेड्यासारखी फोनपुढं नाचले. तिनं डोळे खाली घातले. कळलं, अशी खूण केली आणि बंद केलं.

"तुम्ही वर काय केलंय?" मी विचारलं.

"काय न्हाय. जरा गारवा केलाय."

मी साडी खोचली आणि शिडीनं वर गेले. डिशवर चादर होती. आमची घरची, सोलापुरी, जाडजूड, दुहेरी घडी करून, चारी कोपरे सुतळीनं बांधून, आणि आत्ताच ओतलेल्या पाण्यानं निथळत. आमच्याकडं वस्तू नवी आली की आधी तिच्यावर पांघरूण. टीव्हीवर, शिलाई मशीनवर, स्कूटरच्या सीटवर. उन्हाळ्यात पाण्याच्या पिंपाला ओली चादर गुंडाळायची, ते तर लहान पोरालाही माहीत. डिश बिचारी तापली, म्हणून यांनी तिलाही पांघरलं. खाली येणारं त्या चादरीतनं कसंबसं गळत होतं. वर जाणारं तिथंच मेलं होतं. ओलं काही वर ठेवू नये, असं त्या कागदाच्या मागच्या बाजूला लिहिलं होतं. मागची बाजू घरात मी एकटीनं वाचली होती.

मी सुतळी तोडली आणि चादर खाली टाकली, ती यांच्या डोक्यावर पडली. मग मी टपावर उभी राहून जे बोलले ते त्या माळावरच्या मेंढ्यांनी ऐकलं असेल. एवढं निवडून आणलं, उन्हात उभं राहून बोटं मोजून आणलं, आणि तुम्ही त्याला अंथरुणात झोपवलं. विचारायचं होतं ना. तोंड आहे ना तुम्हाला, तुम्हाला तर बोलता येतं ना. हे डोक्यावरची चादर काढत म्हणाले, "अगं, तुझ्यासाठीच केलं की. बोलताना मध्येच बंद पडू नये म्हणून." ते खरं होतं, आणि त्यामुळं मला जास्तच राग आला.

खाली येऊन कॉल लावला. उचलला नाही. परत लावला. नाही. मेसेज लिहिला, नेट अडकलं होतं, मी रागावले नाही, मला खूप आनंद झालाय, फोन उचल. उत्तर आलं, ठीक आहे. घ्या. यालाच मी म्हणत होते. हे ठीक आहे म्हणजे काय? रडून ठीक आहे, की चिडून, की आईनं मन राखायला लिहिलंय म्हणून? दिरानं यावं आणि मला हे वाचून दाखवावं. हे बाहेर दगडावर बसून राहिले होते. मी लावतच राहिले.

बऱ्याच वेळानं तिनं उचलला. डोळे सुजलेले. मी आधी बोटं दाखवली, गच्चीवर दाखवली होती तशी. तिनं परत दाखवली. मग मी सगळं पहिल्यापासून सांगितलं, सावकाश. बादली, चादर, बाप. आणि हो म्हण. हो म्हण, हो म्हण. ती आधी रडली, मग चादरीवर इतकी हसली की तिला शिंका आल्या.

मग तिनं हवेत पाना फिरवला. बाबांना विचारायचंय.

मी यांना हाक मारली. ते आत आले, माझ्या शेजारी बसले, फोनकडं वाकले. लेकीनं विचारलं. माझ्याकडं नाही, त्यांच्याकडं बघून विचारलं. यांनी मान वळवली आणि नेहमीसारखं मला म्हणाले, "काय म्हणती?"

नेट एकदम स्वच्छ होतं. टपावर काही नव्हतं. तरी या माणसापर्यंत त्याची लेक पोचत नव्हती, आणि त्याचं त्याला काही वाटत नव्हतं. मी उठले.

"तिलाच विचारा," मी म्हटलं आणि गाडीतनं खाली उतरले.

"अगं," ते आतनं म्हणाले, "अगं, बघ की काय म्हणती ती."

मी गेले नाही. चादर मातीत पडली होती, ती उचलली. खिडकीतनं दोघं दिसत होते. लेकीनं त्या मुलाचा छापलेला फोटो कॅमेऱ्यापुढं धरला, मग स्वतःकडं बोट केलं, मग परत फोटोकडं. सावकाश, लहान मुलाला शिकवतात तसं. यांचा हात वर गेला, खाली आला. परत वर गेला. त्यांच्याकडं होतं काय, चारच शब्द. शेवटी त्यांनी दोन बोटं वर केली, दोघं. मग इकडं ये. मग जेव. आणि मग, बोटं जुळवायला चुकत चुकत, शाब्बास.

लेकीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग हात काढून ती त्यांना पुढचं काहीतरी सांगायला लागली, आणि ते फोनकडं आणखी वाकले. मी चादर पिळली आणि दोरीवर वाळत घातली. आतनं "काय म्हणती?" आलं नाही. मी वाट बघितली, पण आलं नाही.